अलगदरावांचा तिसरा चेंडू

अलगदरावांचं खरं नाव गोदामात कुणाला ठाऊक नव्हतं. हजेरीच्या वेळी ते पुकारलं गेलं की त्यांना स्वतःलाही क्षणभर वाटायचं, हा कोण बुवा. काचेच्या सामानाच्या त्या गोदामात त्यांची निम्मी हयात गेली होती. पेले, बरण्या, दिव्यांचे गोळे, मासे पाळायच्या काचपेट्या, जे जे म्हणून फुटण्यासारखं असेल ते त्यांच्या हातून खोक्यात जायचं, पेंढ्यात निजायचं आणि दूरच्या गावी धडधाकट पोचायचं. वस्तू ठेवणं त्यांना माहीतच नव्हतं, ते ती अलगद उतरवायचे. म्हणून अलगदराव. चालणंही तसंच, बोलणंही तसंच. त्यांनी दार लावलं तर ते खरंच लागलं का, हे बघायला बायकोला उठून जावं लागे.

अशा माणसाने पन्नाशीला टेकल्यावर तीन तीन चेंडू हवेत उडवायला शिकावं, हा सगळाच उफराटा प्रकार होता. पण त्याला कारण होतं, आणि ते सांगायचं तर गोष्ट थोडी मागे न्यायला हवी.

अलगदरावांचं लग्न फार उशिरा झालं, म्हणजे गेल्या वर्षीच. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिचा पहिला नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिला बारा वर्षांची मुलगी होती. लग्नाआधी मुलगी त्यांना काका म्हणायची, लग्नानंतरही काकाच म्हणत राहिली. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. वाटायचं ते निराळंच. मुलगी त्यांच्याशी फार नीट वागायची. विचारलं की उत्तर द्यायची, उशीर होणार असेल तर आधी सांगायची, आपला पेला आपण विसळून ठेवायची. घरच्या पोरीने कसं, अधूनमधून पाय आपटावेत, दार धाडकन लावावं. ही आपली पाहुण्यासारखी वागायची. आईच्या खोलीत तर तिने लग्न झाल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. काही हवं असलं की उंबऱ्यावर उभी राहून मागायची.

त्यात आत्याचं बोलावणं आलं. आत्या म्हणजे मुलीच्या वडिलांची थोरली बहीण. शेजारच्या गावात राहायची, स्वभावाने मायाळू, घर ऐसपैस, मूलबाळ नाही. तिने फोनवर सुचवलं, की पोरीला नव्या घरात अवघडल्यासारखं होत असेल तर तिने माझ्याकडे येऊन राहावं, इथल्या शाळेत जावं. सुट्टी संपेपर्यंत काय ते ठरवा म्हणाली.

त्या संध्याकाळी नवरा-बायकोने स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच बोलून घेतलं. "तिच्यावर काही लादायचं नाही," बायको म्हणाली. "आधीच आपण लग्न करून तिला न विचारता एक घर बदलायला लावलं. आता तिचं तिला ठरवू दे. तुम्हीही काही बोलायचं नाही. शब्द द्या मला."

अलगदरावांनी शब्द दिला. मुलगी जावी असं दोघांनाही वाटत नव्हतं. बायको पाठ फिरवून भांडी घासायला लागली, ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. अलगदरावांना त्या पोरीचा असा लळा लागला होता, की दाराशी तिच्या चपला दिसल्या नाहीत तर त्यांना घरात शिरावंसं वाटत नसे. पण शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी आईने मुलीला सांगितलं, "आत्याकडे जायचं की नाही, तुला हवं तसं कर." मुलगी म्हणाली, "बरं." झालं, विषय संपला. घरातली तिन्ही माणसं अळीमिळी गुपचिळी.

आता चेंडूंकडे येऊ. मुलीला शाळेतल्या खेळाच्या बाईंनी जगलिंग शिकवलं होतं. सुट्टी लागल्यावर तिने जुन्या मोज्यांत तांदूळ भरले, तोंडं शिवून टाकली आणि तीन ओबडधोबड चेंडू तयार केले. संध्याकाळी बैठकीच्या खोलीत ती ते उडवत राहायची. अलगदराव कामावरून आले की चहाचा कप घेऊन बघत बसायचे. एक चेंडू वर, एक हातात, एक वाटेत, आणि पोरीचं लक्ष हाताकडे नाहीच, समोर कुठेतरी हवेत. काच भरणाऱ्या माणसाला हे बघणं म्हणजे जिवाला घोर. तरीही एक दिवस त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मला शिकवशील का?"

कपाटानेच प्रश्न विचारला असावा तसं मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "शिकवीन. पण मी हसणार."

"हस की."

"खरं तर पलंगासमोर उभं राहायचं असतं. म्हणजे पडलेला चेंडू उचलायला वाकावं लागत नाही." पलंग आईच्या खोलीत होता. दोघांनी त्या दाराकडे पाहिलं आणि इथेच बरं आहे, असं दोघंही एकदमच म्हणाले. मग मुलीने त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. नवीन माणूस चेंडूंमागे पुढे पुढे चालत सुटतो, भिंत असली की थांबतो.

एका चेंडूपर्यंत सगळं छान चाललं. उजव्या हातातून डोळ्यांच्या उंचीपर्यंत फेकायचा, डाव्यात झेलायचा. घोडं अडलं ते दुसऱ्या चेंडूपाशी. पहिला वर पोचला की दुसरा त्याच्या खालून वर सोडायचा, इतकंच काम. पण अलगदराव पहिला उडवायचे आणि दुसरा मुकाट्याने डाव्या हातातून उजव्या हातात ठेवायचे. फेकायचेच नाहीत.

"काका, हातात द्यायचा नाही. टाकायचा."

"टाकतोय की."

"देताय तुम्ही. हे बघा, दिलात."

दिला होता खरा. त्यांचाही इलाज नव्हता. गोदामात सामान एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं तेव्हा समोरचा "घेतलं" म्हणेपर्यंत बोटं सोडायची नाहीत, हा तिथला पहिला नियम. न ऐकता सोडलं आणि फुटलं तर दोष सोडणाऱ्याचा. इतक्या वर्षांत ही खोड अंगात अशी मुरली होती, की घरीसुद्धा बायकोला चहाचा कप देताना ते वाट बघत उभे राहायचे, आणि बिचारी कप ओढत राहायची. हे त्यांनी मुलीला सांगितलं. ती जरा विचारात पडली.

"मग डावा हात वर गेला की मी घेतलं म्हणते," ती म्हणाली. "तुम्ही सोडा."

आणि ती म्हणत गेली. घेतलं, घेतलं, घेतलं. हळूहळू अलगदरावांचा डावा हात सुटायला लागला. पुढे तिने म्हणायचं बंद केलं, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मग तिसरा चेंडू आला आणि खरी पडझड सुरू झाली. चेंडू खुर्चीखाली, चेंडू चपलांत, चेंडू कुणाच्या तरी चहात. आणि दर वेळी एक गंमत व्हायची. चेंडू निसटला रे निसटला, की अलगदरावांचा उजवा पाय चटकन पुढे यायचा आणि चेंडू पावलावर पडून घरंगळायचा. पहिल्यांदा मुलीला वाटलं ते लाथ मारताहेत. "हे काय करताय?" तिने विचारलं.

"काच निसटली तर तिच्यामागे हात घालायचा नसतो, बोटं कापतात. पाय घालायचा. बुटावर पडलेला पेला पुष्कळदा वाचतो. मी मुद्दाम करत नाही गं, तो आपला आपण जातो."

"पण हे तांदूळ आहेत."

"पायाला कुठे कळतंय."

मुलगी हसायला लागली, ती भिंतीला टेकून खाली बसेपर्यंत हसली. त्या घरात तिचं असं हसणं अलगदरावांनी पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून संध्याकाळची शिकवणी म्हणजे त्यांच्या जिवाचा विसावा झाली. मुलगी आता दारातच वाट बघत असायची, चहासुद्धा घेऊ द्यायची नाही. खांदे पाडा म्हणायची, श्वास घ्या म्हणायची, हाताकडे बघू नका म्हणून पाठीवर चापटी द्यायची. पालथ्या घड्यावर पाणी, असंही एकदा वैतागून म्हणाली. अलगदराव त्या बोलण्यावर दोन दिवस खूश होते.

शिकता शिकता एकदा त्यांनी सहज विचारलं, "तीन जमले की पुढे काय?"

"पुढे काही नाही. चार मलाही येत नाहीत. तीन जमले की झालं."

तिचं ते 'झालं' मात्र त्यांच्या मनात रुतून बसलं.

आणि मग, जे व्हायचं तेच झालं. गोदामात दुपारच्या सुट्टीत पेंढ्याच्या ढिगासमोर उभं राहून ते गुंडाळण्याच्या कागदाचे तीन बोळे उडवत होते. रोजच उडवायचे, रोज पडायचे. त्या दिवशी पडले नाहीत. एक वर, एक वाटेत, एक हातात, पुन्हा एक वर. हात आपापलं काम करत राहिले आणि अलगदराव आ वासून वर बघत राहिले.  आयुष्यात इतक्या वस्तू त्यांनी सांभाळल्या होत्या, पण एकही सोडून दिल्याचा आनंद कधी घेतला नव्हता.

"वा रे पठ्ठ्या," मागून त्यांचा जोडीदार म्हणाला. हा मिशाळ गृहस्थ त्यांच्या समोरच्या बाजूने खोकी भरायचा आणि घरचं दारचं सगळं त्याला ठाऊक असायचं. "आता पोरीला दाखव घरी जाऊन."

तेवढ्यात अलगदरावांचा चेहरा पडला. दाखवलं की झालं. शिकवणी संपली. आणि शिकवणी संपली की त्या पोरीला या घरात आपल्याशी बोलायला काय कारण उरलं? शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. ती अजून काही म्हणाली नव्हती.

जोडीदाराने सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? सरळ सांग तिला, राहा म्हणून."

"बायकोला शब्द दिलाय."

"मग बस शब्द सांभाळत," जोडीदार म्हणाला आणि खोक्याला पट्टी मारायला लागला.

अलगदराव त्या संध्याकाळी घरी गेले, भिंतीसमोर उभे राहिले आणि ज्या माणसाने जन्मभर पेले जपले होते त्याने एक चेंडू मुद्दाम खाली पाडला. मग दुसरा. मुलीने उचलून दिले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या फेकीपर्यंत जायचं आणि पाडायचं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि रोज संध्याकाळी पायऱ्या चढताना आनंदही तितकाच होत होता.

मुलगी मात्र गप्प होत चालली. चापट्या थांबल्या. पालथा घडाही नाही. ती फक्त जमिनीवर मांडी घालून बसायची आणि बघायची.

रविवारी दुपारी बायको दुकानात गेली होती. अलगदरावांनी चेंडू घेतले, उडवले, पाडले.

"परत," मुलगी म्हणाली.

त्यांनी परत पाडले.

"परत."

यावेळी ते फेकत असतानाच तिने शेजारचा लोकरीचा गुंडा उचलला आणि सरळ त्यांच्या हातांच्या मधोमध भिरकावला. सगळा डाव विस्कटला, चेंडू सुटले, आणि अलगदरावांचा उजवा पाय चटकन पुढे गेला. चेंडू पावलावर पडून बाजूला घरंगळला.

मुलीने त्या पायाकडे बोट दाखवलं. "आत्ता आला बघा पाय," ती म्हणाली. "इतके दिवस येत नव्हता. खरंच पडतो तेव्हा येतो."

अलगदराव पाय मागे घ्यायलाही विसरले.

"कधीपासून जमतंय तुम्हाला?"

त्यांच्या मनात चार सबबी येऊन गेल्या. पण खोटं बोलायचं तर त्याचीही सवय लागते, आणि ती त्यांच्यापाशी नव्हती. "झाले काही दिवस," ते म्हणाले.

"मग पाडत का होतात? मला वाईट वाटेल म्हणून? दया म्हणून?" तिने घरंगळलेला चेंडू उचलून मुठीत धरला. "मला वाटलं, यांना कंटाळा आलाय, पण मी जाईपर्यंत मन राखायचं म्हणून उभे राहतात."

"जाईपर्यंत?" अलगदराव म्हणाले. "तू जाणार आहेस?"

"मग काय करू? आत्या फोन केला की विचारते, कधी येतेस गं, तुझी वाट बघतेय. इथे कुणी काही विचारतच नाही. आई म्हणाली, तुला हवं तसं. तुम्ही तर तेही म्हणाला नाहीत. मी जाते म्हटलं असतं तर दोघांनीही बरं म्हटलं असतं. मला वाटलं, तुम्ही त्याचीच वाट बघताय, आणि चांगली माणसं आहात म्हणून बोलत नाही."

 अलगदराव तिच्यासमोर जमिनीवर बसले. पोरीला लागू नये म्हणून दोघांनी इतकं जपून पाऊल टाकलं होतं, की तिला त्यांची चाहूलसुद्धा लागली नव्हती. तिच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही हेच वाटलं असतं, हे त्यांना लख्ख कळलं, आणि आपल्या शहाणपणाची कीव आली.

"ऐक," ते म्हणाले. "मी तुझ्या आईला शब्द दिला होता काही न बोलण्याचा. तो आता मोडतो, तिची बोलणी मी खाईन. तीन जमले की झालं असं तू म्हणालीस. शिकवणी संपली तर तू पुन्हा नीट वागायला लागशील आणि मग जाशील, याची मला भीती वाटली. म्हणून पाडत होतो. तू गेलेलं मला नको आहे. तुझ्या आईलाही नको. ती त्या दिवशी घासलेली भांडी पुन्हा घासत होती. तू इथे राहा. आम्हाला तू हवी आहेस म्हणून राहा."

मुलगी हातातल्या मोज्याच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

"आत्याला काय सांगायचं?" तिने विचारलं.

"तुला जसं..." अलगदरावांनी सुरुवात केली आणि जीभ चावली. मग उठून फोन आणला आणि पुन्हा तिच्यासमोर बसले. "मी सांगतो."

आत्याने दुसऱ्या घंटीला फोन उचलला. अलगदराव आजवर तिच्याशी तब्येतपाण्यापलीकडे बोलले नव्हते. "ताई," ते म्हणाले, "ती तिकडे येणार नाही. इथेच राहणार आहे."

आत्याने लगेच विचारलं, "हे कोण ठरवतंय? ती का तुम्ही?"

हा प्रश्न वाजवी होता, आणि अलगदरावांनी तो रागाने घेतला नाही. "आत्ता मी बोलतोय. तिला बोलायला लावलं तर ती तुमचंही मन राखेल आणि आमचंही. तिला काय वाटतं ते तिलाच विचारा, समोरच बसलीय. पण आधी माझं ऐकून ठेवा. ती माझ्या घरातली मुलगी आहे आणि ती गेली तर मला करमणार नाही."

"मी तिच्या खोलीला रंग दिला हो," आत्या म्हणाली.

"राहू द्या तो रंग. सुट्टीत येईल ना ती. मी घेऊन येईन."

आत्याने मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "बरं झालं बोललात," ती म्हणाली. "तुमच्याकडून कुणी चकार शब्द काढेना, तेव्हा मला वाटलं पोर तुम्हाला जड होतेय. म्हणून तर मी हट्ट धरला होता. द्या तिला."

त्यांनी फोन पुढे केला. मुलीने तो घेतला, कानाला लावला आणि ऐकत राहिली. "हो," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने पुन्हा, "हो, मला राहायचंय." मग, "नाही गं आत्या, रडत नाहीये," असं ती रडत रडत म्हणाली.

आत्या-भाचीच्या बोलण्यात आपण कशाला, तिला मोकळं बोलू द्यावं, म्हणून अलगदराव उठायला लागले. पण उठता येईना. मुलीने दुसऱ्या हाताने त्यांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरून ठेवली होती. तिचं लक्ष फोनकडे होतं, बाही धरल्याचं तिला बहुधा ठाऊकही नव्हतं. अलगदराव पुन्हा खाली बसले आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले.